१०० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स मल्टीमीटरवर ३८ ओहमच का दाखवतोय?

कुळागरातला
नमस्कार मंडळी. मुलगा यंदा दहावीला आहे, सायन्सला इलेक्ट्रिसिटीचा धडा चालू आहे. गणितं सगळी एकाच छापाची, व्होल्टेज दिलंय, करंट दिलाय, रेझिस्टन्स काढा, पॉवर काढा. पोरगा पटापट सोडवतो पण त्यातलं काही घरात खरंच असतं यावर त्याचा विश्वास नाही. म्हटलं चला, घरातल्याच वस्तू मोजू.

गिझरच्या पाटीवर २००० वॅट, २३० व्होल्ट. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर, आणि २३० भागिले ८.७ म्हणजे साधारण २६.४ ओहम. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) पाडली, टॉप म्हणजे प्लग सॉकेटमधून काढला, गिझरचं स्वतःचं बटण चालू ठेवलं आणि टॉपच्या फेज-न्यूट्रल पिनांवर मीटर लावला. २६.८! पोरगा खूश.

मग पिल्लांच्या खुराड्यात लावतो तो जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब काढून आणला. हिशोबाने करंट ०.४३५, रेझिस्टन्स ५२९ ओहम. मीटर म्हणतो ३८. पुन्हा पुन्हा लावला, ३८. दुसरा बल्ब घेतला, तोही तसाच. मीटरची बॅटरी नवी आहे.

आणि यात पोराने दुसरा प्रश्न टाकला. एका सूत्रात पॉवर म्हणजे आय स्क्वेअर गुणिले आर, म्हणजे रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते. दुसऱ्यात व्ही स्क्वेअर भागिले आर, म्हणजे रेझिस्टन्स वाढला की पॉवर कमी होते. दोन्ही पुस्तकात एकाच पानावर. खरं कुठलं? कोणी सांगेल का, पण दहावीच्या पोराला कळेल असं.

खाजेंवाला
मल्टीमीटर दहावी नापास असेल.

बोरीचा_बाब
होल्डरमध्ये बल्ब लावून मोजला की सुटा? होल्डरमध्ये गंज असला तर काहीही दाखवतो.

कुळागरातला
@बोरीचा_बाब सुटाच. आणि गंजाने रेझिस्टन्स वाढेल ना, कमी कसा होईल?

म्हापशाची_बाई
बल्ब थंड असताना मोजलात म्हणून. मी फिजिक्स शिकवते, दर वर्षी एक तरी मुलगा हा प्रश्न घेऊन येतो आणि तोच पुढे बरा निघतो.

बल्बची तार टंगस्टनची. पेटल्यावर ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. शुद्ध धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, आणि इतकं तापल्यावर तो चौदा-पंधरा पट होतो. ३८ ला १४ ने गुणा, ५३२ येतात. म्हणजे तुमचा मीटरही बरोबर आणि हिशोबही बरोबर, फक्त दोघं वेगवेगळ्या तारेबद्दल बोलतायत, एक थंड, एक पेटलेली.

गिझरचं का जुळलं? त्याची कॉईल नायक्रोमची, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. तो तापल्यावर रेझिस्टन्स फार तर काही टक्के बदलतो. शिवाय कॉईल पाण्यात बसलेली, ती बल्बच्या तारेइतकी तापतच नाही. वरचे पॉइंट तीन-चार ओहम मीटरच्या वायरींचे आणि टॉपच्या केबलचे धरा. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघा, शून्य येणार नाही, जे येईल ते वजा करायचं.

शून्य_अँपिअर
बाई, मग ओहमचा नियम बल्बला लागू होत नाही असं म्हणायचं का? आमच्या मास्तरांनी तर सगळ्याला लागू होतो म्हणून घोकून घेतलं होतं.

म्हापशाची_बाई
नियमात 'तापमान आणि बाकी भौतिक स्थिती तीच असेल तर' अशी अट आहे, ती घोकताना गळते. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे त्या क्षणाचा रेझिस्टन्स, हे कुठेही करता येतं. पण तो आकडा कायम तोच राहील हे मात्र अट पाळली तरच. बल्बमध्ये व्होल्टेज बदललं की तापमान बदलतं, म्हणजे अट मोडली.

याचा एक पुरावा सगळ्यांनी बघितलेला आहे. जुना बल्ब उडतो तो बहुतेक वेळा बटण दाबताक्षणी. त्या वेळी तार थंड, ३८ ओहमची, म्हणजे २३० भागिले ३८, सहा अँपिअर. चालू असतानाचे अर्धा अँपिअरसुद्धा नाहीत. तार कुठे बारीक झालेली असली तर त्या झटक्यात जाते.

डिचोलीची_मावशी
अगो बाई, म्हणून देवघरातला बल्ब नेमका आरतीच्या वेळीच जायचा!

खाजेंवाला
@डिचोलीची_मावशी तो टंगस्टनचा दोष नाही, तुमच्या आरतीच्या सुराचा असेल 😄

साखळीचा_वायरमन
पोराच्या दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. दोन्ही सूत्रं खरी. बघायचं एवढंच की काय ठरलेलं आहे, व्होल्टेज की करंट.

घरात सगळ्या वस्तू पॅरलल. गिझर लावा, पंखा लावा, बल्ब लावा, प्रत्येकाला २३० मिळतात. व्होल्टेज ठरलेलं, तेव्हा व्ही स्क्वेअर भागिले आर वापरायचं, रेझिस्टन्स कमी तो जास्त खाणार. गिझर २६ ओहम म्हणून २००० वॅट, बल्ब ५२९ ओहम म्हणून १०० वॅट.

आता एका ओळीत, सिरीजमध्ये जोडलं तर करंट सगळीकडून तोच जाणार. तिथे आय स्क्वेअर आर. ज्याचा रेझिस्टन्स जास्त तो जास्त तापणार.

आम्हा वायरमन लोकांकडे सिरीज बोर्ड असतो, एक १०० चा बल्ब आणि त्याच्या ओळीत एक सॉकेट. दुरुस्त केलेला मिक्सर आधी त्यात लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण फ्यूज उडत नाही आणि मिक्सरही जळत नाही. कुठे तुटलेलं असेल तर बल्ब पेटतच नाही. मधलं काही असेल तर मंद. फर्मागुडीला कॉलेजात शिकणारा एक पोरगा सुट्टीत माझ्याबरोबर यायचा, त्याला मी विचारलं होतं, या सॉकेटमध्ये ४० चा बल्ब लावला तर कुठला जास्त पेटेल? म्हणाला १०० चा. लावून दाखवला. ४० वाला चांगला पेटला, १०० वाला जवळजवळ विझलेला. तो माझ्याकडे बघत राहिला.

शून्य_अँपिअर
करून बघतो हिशोब. ४० वॅटचा रेझिस्टन्स १३२२, १०० चा ५२९, बेरीज १८५१, करंट ०.१२४. मग ४० वाल्यात २० वॅट आणि १०० वाल्यात ८ वॅट. फरक आहे पण 'विझलेला' म्हणण्याइतका नाही वाटत.

म्हापशाची_बाई
@शून्य_अँपिअर हिशोबाची रीत बरोबर, पण ५२९ हा पूर्ण पेटलेल्या तारेचा आकडा तुम्ही अर्धवट तापलेल्या तारेला लावलात. १०० वाला इथे थंड राहतो, त्याचा रेझिस्टन्स घसरतो, मग व्होल्टेजमधला त्याचा वाटा अजून कमी, मग तो अजून थंड. ४० वाल्याला जवळपास सगळं व्होल्टेज मिळून जातं. वायरमन दादांनी डोळ्याने बघितलंय तेच खरं.

बोरीचा_बाब
मला हे सगळं पाण्याच्या पाईपवरून शिकवलं होतं. टाकी उंच म्हणजे व्होल्टेज जास्त वगैरे.

साखळीचा_वायरमन
ते पाईपचं नको हो काका. पाईप कापला तर पाणी गळतं, वायर कापली तर करंट थांबतो, आणि मग शिकणारा पोरगा तिथेच अडकतो.

अंत्रुजकर
माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे पण इथेच विचारतो. आमचं घर लाईनच्या शेवटच्या खांबावर. संध्याकाळी व्होल्टेज १९० च्या खाली-वर, चतुर्थीच्या दिवसांत सगळीकडे तोरणं आणि माटोळीवर (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची चौकट) फोकस, तेव्हा तर विचारू नका. गिझर तापतच नाही. शेजारी म्हणतो चांगलं आहे, व्होल्टेज कमी म्हणजे बिल कमी. खरंय का?

शून्य_अँपिअर
गिझरचा हिशोब सरळ आहे, आर तोच २६.४५. १९० चा वर्ग ३६१००, भागिले २६.४५ म्हणजे १३६५ वॅट. व्होल्टेज १७ टक्के पडलं पण पॉवर ३२ टक्के पडली, वर्गामुळे. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला २००० वॅटवर १३ मिनिटं लागतात, १३६५ वर १९. पण पाणी तेवढंच, तापायचंय तेवढंच, म्हणजे दोन्ही वेळा ०.४४ युनिटच्या आसपास. बिल कमी होणार नाही, फक्त तुम्ही बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन जास्त वेळ उभे राहणार.

डिचोलीची_मावशी
आमच्या घरात तसंही तासभर लागतो, व्होल्टेजचा संबंध नाही, लेक आत असते.

अंत्रुजकर
देव बरे करूं! शेजाऱ्याला हे वाचून दाखवतो. मग फ्रीजचंही असंच, नुसता हळू चालणार ना?

साखळीचा_वायरमन
नाही, इथे चूक करू नका. गिझर आणि मोटर एकाच मापाने मोजायच्या नाहीत. मोटरला भार ओढायचाच असतो, व्होल्टेज पडलं की ती करंट जास्त खेचते. करंट वाढला की वाइंडिंग तापतं, ते आय स्क्वेअर आर. फ्रीज, पंप हे कमी व्होल्टेजला जळतात ते असे. १९० ला फ्रीज घरघरून बंद पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा.

पोफळीखाली
पंपाचा विषय निघाला म्हणून. आमचा एक एचपीचा मोनोब्लॉक, विहीर घरापासून ८० मीटर खाली कुळागरात. पाटीवर ७ अँपिअर. म्हणजे २३० भागिले ७, रेझिस्टन्स ३३ ओहम. वरचं वाचून मीटर लावला, तर थोडेच ओहम दाखवतो. म्हणजे मोटरची तारपण बल्बसारखी तापून रेझिस्टन्स वाढतो का? आणि दुसरं, उन्हाळ्यात संध्याकाळी पंप नुसता 'हुं' करतो, फिरत नाही. सकाळी चालतो.

म्हापशाची_बाई
तापून नाही. तांबं तेवढं वाढत नाही, १०० अंशांनी तापलं तरी साधारण ४० टक्के, आणि दहा पट वाढायच्या कितीतरी आधी तुमचं वाइंडिंग जळून जाईल. मोटरमध्ये करंट अडवणारी गोष्ट नुसती तार नाही. एसी करंटमुळे चुंबकक्षेत्र सतत बदलतं आणि फिरणारी मोटर पुरवठ्याच्या विरुद्ध स्वतःचं व्होल्टेज तयार करते. मल्टीमीटर बॅटरीच्या डीसीवर मोजतो, त्याला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त तांब्याची तार दिसते.

म्हणून पंपाला २३० गुणिले ७ केलंत तर १६१० येतात, ते वॅट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरने, म्हणजे व्होल्टेज आणि करंट किती जुळून चालतात त्या एकापेक्षा लहान आकड्याने, गुणावं लागतं आणि ते कमी निघतात. दहावीची सूत्रं गिझर, इस्त्री, बल्ब, टोस्टर यांना जशीच्या तशी लागतात. पंखा आणि पंप त्या यादीत घालू नका, मुलांनाही तसंच सांगा.

साखळीचा_वायरमन
@पोफळीखाली वायर कितीची टाकलीय?

पोफळीखाली
दीड स्क्वेअर एमएम, तांब्याची. बाबांनी टाकून घेतली होती, जुनी आहे.

साखळीचा_वायरमन
मग तिथेच आहे दुखणं. तांब्याची एक मीटर लांब एक स्क्वेअर एमएम तार म्हणजे ०.०१७२ ओहम, हा आकडा पाठ ठेवा. जायची ८० यायची ८०, १६० मीटर. ०.०१७२ गुणिले १६० भागिले दीड, १.८३ ओहम. चालू पंपाला ७ अँपिअर, म्हणजे वायरीत १२.८ व्होल्ट गेले. आणि ७ चा वर्ग ४९ गुणिले १.८३, ९० वॅट नुसते वायर गरम करायला. तेवढं चालून जातं.

पण सुरू होताना मोटर चार-पाच पट करंट घेते. ३५ अँपिअर धरा. ३५ गुणिले १.८३, ६४ व्होल्ट वायरीतच! संध्याकाळी घरात २०० असतील तर खाली मोटरला १३६. ती 'हुं' नाही करणार तर काय करणार. सकाळी २३० असतात म्हणून कशीबशी उचलते.

चार स्क्वेअर एमएम टाकली तर रेझिस्टन्स ०.६९, सुरू होताना २४ व्होल्ट जातील. पण आधी मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर तपासून घे, तो गेला तरी मोटर अशीच हुंकारते, आणि तो वायरीपेक्षा कितीतरी स्वस्त.

बोरीचा_बाब
ॲल्युमिनियमची स्वस्त पडेल ना?

साखळीचा_वायरमन
ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे तेवढी जाड घ्यावी लागेल. आणि विहिरीकडच्या ओलीत ॲल्युमिनियम-तांब्याचा जॉइंट वळून ठेवला की दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी. मी नाही टाकत.

दर्यावर्दी_मुरगाव
जॉइंटवरून आठवलं. आम्ही समुद्राच्या तोंडावर राहतो, खारी हवा. गिझरच्या सॉकेटची पितळी पट्टी हिरवी पडलेली, टॉप घातला की किंचित सैल बसायचा. एक दिवस जळका वास, बघतो तर सॉकेटची फेजची बाजू तपकिरी होऊन वितळलेली. एमसीबी पडली नव्हती याचंच सगळ्यांना आश्चर्य.

वायरमन दादांच्या हिशोबाने आता कळलं. त्या हिरव्या पट्टीत अर्धा ओहम धरला तर ८.७ चा वर्ग ७५.७, निम्मे ३८ वॅट. ३८ वॅट म्हणजे एक सोल्डरिंग आयर्न, एवढ्याशा प्लास्टिकमध्ये. आणि करंट वाढत नाहीच, उलट किंचित कमी होतो, मग एमसीबीला कळणार कसं. इथे व्होल्टेज ठरलेलं असून आय स्क्वेअर आर का लागला, कारण सॉकेट आणि गिझर सिरीजमध्ये. बरोबर ना?

साखळीचा_वायरमन
एकदम बरोबर. किनारपट्टीच्या सगळ्यांनी गिझर आणि एसीचे टॉप पंधरा मिनिटं चालवून बंद करून हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला. आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाईन तोडणारा खटका, नसेल तर बसवून घ्या. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर होतात, माणूस जायला त्याच्या पावपटही पुष्कळ.

शून्य_अँपिअर
धाग्यात ओहमचं नाव इतक्यांदा आलं म्हणून थोडं अवांतर. गेओर्ग ओहम हा कोलोनला शाळेत शिकवायचा. त्याचीही अडचण @अंत्रुजकर सारखीच, व्होल्टेज स्थिर राहत नव्हतं! त्या काळच्या बॅटऱ्या चालता चालता मंदावायच्या, आकडे जुळेनात. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड केला, एक टोक उकळत्या पाण्यात, एक बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून व्होल्टेज कायम. १८२६ मध्ये त्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून करंट मोजला आणि १८२७ ला पुस्तक काढलं. जर्मनीत फारसं कोणी विचारलं नाही. रॉयल सोसायटीचं कोपली पदक मिळालं ते १८४१ मध्ये.

खाजेंवाला
बर्फ आणि उकळतं पाणी. म्हणजे लाईट नसतानाही मोजत होता, आपल्या पावसाळ्यात चालला असता.

कुळागरातला
मंडळी, सगळं पोराला वाचून दाखवलं. म्हणाला, बाबा, मग मधल्या व्होल्टेजला मधला रेझिस्टन्स यायला पाहिजे. मला काही उत्तर देता येईना. @म्हापशाची_बाई घरी करून बघता येईल का?

म्हापशाची_बाई
येईल, आणि मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. इन्व्हर्टरची किंवा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी घ्या, तोच बल्ब लावा, ओळीत मल्टीमीटर अँपिअरवर. बॅटरीच्या टोकाशी छोटा फ्यूज टाका, वायरी एकमेकींना लागल्या तर बॅटरी शेकडो अँपिअर देते. व्होल्टेज वेगळं मोजा.

२३० ला मात्र मल्टीमीटर ओळीत घालू नका. क्लँप मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा, असेल तर तो वापरा. अर्धा अँपिअर त्याला नीट कळत नाही म्हणून बल्बच्या एकाच वायरीचे दहा वेढे जबड्यात घ्या, वायरीचं वेष्टन शाबूत पाहिजे, वेढे लाईट बंद असताना घाला. जे दाखवेल त्याला दहाने भागा.

कुळागरातला
केलं. वायरमनकडून क्लँप मीटर आणला. आकडे देतो.

सुटा बल्ब, मल्टीमीटरवर ३८ ओहम. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, करंट ०.१२, म्हणजे १०५ ओहम. बल्ब दिसायला काळाच, पेटला नाही, पण तारेत काही होतंय हे आकड्यावरून कळतं. घरच्या लाईनवर २२८ व्होल्ट, दहा वेढ्यांवर ४.३ म्हणजे ०.४३, रेझिस्टन्स ५३० आणि पॉवर ९८ वॅट.

पोराने ग्राफ पेपरवर तीन ठिपके मांडले आणि आता म्हणतो अजून ठिपके पाहिजेत, २४ ला दोन बॅटऱ्या, ३६ ला तीन. इन्व्हर्टर एकच आहे रे बाबा.

म्हापशाची_बाई
वा! ३८, १०५, ५३०. वर्गात दाखवायला हे आकडे वापरू का? बॅटऱ्या वाढवू नका, १५, ४० आणि १०० चे बल्ब सिरीजमध्ये जोड्या जोड्यांनी लावलेत तर मधली व्होल्टेज आपोआप मिळतील. पण ते लाईनवरचं काम, मोठं माणूस जवळ पाहिजे.

पोफळीखाली
इकडचं कळवतो. कपॅसिटर गेलेलाच होता, बदलल्यावर सकाळी लगेच उचलला. संध्याकाळी अजून 'हुं'. म्हणजे दोन्ही दुखणी होती. फोंड्याहून चार स्क्वेअर एमएम आणतोय. बाबा म्हणतात इतकी वर्षं चालत होतं. तेव्हा आमच्या लाईनवर घरं किती होती, हे त्यांना कोण सांगणार.

साखळीचा_वायरमन
पाईपातून घाल, आणि मध्ये जॉइंट देऊ नकोस. एकसंध १६० मीटर निघेल एवढी मोजून घे, वर थोडी जास्त.

डिचोलीची_मावशी
मला एक सांगा, आमच्याकडे आता सगळे ९ वॅटचे एलईडी. नातवाने त्याला मल्टीमीटर लावला तर नुसता ओएल (मापाबाहेर) येतो. २३० चा वर्ग भागिले ९ केलं तर ५८७८ ओहम यायला पाहिजे ना?

शून्य_अँपिअर
मावशी, त्यात तार नाही, आत ड्रायव्हरचं छोटं सर्किट आहे. त्यातल्या डायोडना मल्टीमीटरच्या बॅटरीचं व्होल्टेज पुरत नाही, म्हणून ओएल. तुमचा ५८७८ गणितात येतो पण ती कुठल्याच तारेची गोष्ट नाही. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी तर उलटा वागतो, व्होल्टेज कमी केलं की करंट वाढवून उजेड तेवढाच ठेवतो.

डिचोलीची_मावशी
आणि स्वस्तातले, बाजारात ढीग लावून विकतात ते?

साखळीचा_वायरमन
त्यातल्या बऱ्याच जणांत नुसता एक कपॅसिटर असतो, ते व्होल्टेजबरोबर मंद होतात. @अंत्रुजकर तुमच्याकडे संध्याकाळी १९० असतात ना, दोन्ही जातीचे लावून क्लँपला दहा वेढे घाला आणि इथे टाका.